अंडं मळू देऊ नका, म्हणजे धुवावं लागणार नाही

(नभोवाणीच्या शेतकरी कार्यक्रमात दिलेले भाषण)

शेतकरी बंधूंनो आणि विशेष करून भगिनींनो,

विशेष करून भगिनींनो, असं मुद्दाम म्हणतो. आमची पत्रकं बंधूंना उद्देशून निघतात, पण परसातल्या कोंबड्या सांभाळतं कोण? सकाळी खुराडं उघडायचं घरधनिणीनं, कोंबडीच्या मागं फिरून अंडी हुडकायची तिनंच, आणि आठवड्याच्या बाजारात अंडी विकून आलेले पैसे कनवटीला लावायचे तेही तिनंच. मीठ-मिरची, पोरांची वही-पेन्सिल, वेळप्रसंगी दवाखाना, असं बरंच काही त्या पैशावर भागतं. तेव्हा आजचं बोलणं त्या पैशाबद्दल आहे, आणि घरातल्या लेकरांच्या पोटाबद्दलही आहे.

बाजाराच्या आदल्या रात्री अनेक घरांत एक काम चालतं. आठवडाभर साठवलेली अंडी टोपलीतून काढायची. ज्यांना शीट लागली असेल, चिखल लागला असेल, ती बादलीतल्या पाण्यात बुडवायची, चिंधीनं चोळून लख्ख करायची आणि परत टोपलीत रचायची. हेतू चांगलाच असतो. मळकं अंडं गिऱ्हाईक घेत नाही, व्यापारी तर बाजूलाच काढतो. पण पुढच्या बाजाराला तेच गिऱ्हाईक परत येतं आणि म्हणतं, "मावशी, तुमच्या डझनातली तीन नासकी निघाली." मावशींना राग येतो. त्या म्हणतात, "नासतील कशी? मी तर स्वच्छ धुऊन आणली होती."

धुतली म्हणूनच ती नासली. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

अंड्याचं कवच दिसायला दगडासारखं, पण आहे चाळणीसारखं. त्याची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आणि त्यात साध्या डोळ्यांना न दिसणारी सात हजारांपासून सतरा हजारांपर्यंत छिद्रं असतात. ही छिद्रं कशासाठी? तर आत पिल्लू वाढणार, त्याला श्वास घ्यायला हवा पाहिजे. आता एवढी दारं उघडी ठेवली तर त्यांना राखणही पाहिजे. कोंबडी अंडं घालते तेव्हा कवचावर एक ओलसर पातळ थर असतो. दोन-चार मिनिटांत तो वाळतो आणि छिद्रांच्या तोंडावर बुचासारखा बसतो. ताज्या अंड्यावर जी निस्तेज, पिठूळ झाक दिसते ती याचीच. पुष्कळांना ती झाक म्हणजे मळ वाटतो आणि अंडं चकचकीत केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. चोळून चोळून आपण नेमकी राखणच काढून टाकतो.

कवचाच्या आत दोन पातळ पापुद्रे असतात, उकडलेलं अंडं सोलताना ते आपल्या हाताला लागतात. त्यांच्या आत पांढरा बलक. हा पांढरा बलक नुसतं पाणी नाही. त्यात जंतूंना मारणारी द्रव्यं असतात. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग, त्यांनी त्याच्याही आधी, १९२२ साली, लायसोझाइम नावाचं एक जंतुनाशक द्रव्य जगापुढं मांडलं. माणसाच्या अश्रूंत ते असतं, आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकात भरपूर असतं. दुसरं एक द्रव्य बलकातलं लोह घट्ट धरून ठेवतं, जंतूंना मिळू देत नाही. लोहाशिवाय बहुतेक जंतूंची वाढ खुंटते. म्हणून तर ताजं अंडं फडताळात उघडं ठेवलं तरी टिकतं. दूध असं टिकेल का?

पण या राखणीलाही मर्यादा आहे. दिवस जातील तसा पांढरा बलक पातळ होतो, मधे धरून ठेवलेला पिवळा बलक सैल होऊन वर तरंगतो आणि कवचाच्या जवळ येतो. पिवळ्या बलकात जंतूंना हवं ते सगळं आहे. तिथवर जंतू पोचला की त्याची दिवाळी.

आता मुख्य गोष्ट ऐका. अंडं बाहेर पडतं तेव्हा कोंबडीच्या अंगाइतकं ऊन असतं, सुमारे ४१ अंश सेल्सिअस. बाहेर आलं की ते निवू लागतं. निवताना आतला ऐवज आकसतो, कवच मात्र तेवढं आकसत नाही. मग मोकळी झालेली जागा भरायला बाहेरची हवा छिद्रांतून आत ओढली जाते. उकडलेल्या अंड्याच्या रुंद टोकाला जी पोकळी दिसते ती अशी तयार होते. घरी करून बघायचं असेल तर पितळी पेला चुलीजवळ चांगला तापवा आणि ताटातल्या पाण्यात पालथा घाला. पेला निवता निवता ताटातलं पाणी आपोआप आत चढतं. अंडं अगदी तेच करतं. कवच कोरडं असेल तर हवा आत जाते. कवच ओलं असेल तर पाणी आत जातं, आणि पाण्याबरोबर जंतू.

हे दोन वेळा घडतं. एकदा, अंडं घातल्याबरोबर ओल्या शिटीत किंवा चिखलात पडलं तर. आणि दुसऱ्यांदा, आपण ते धुतो तेव्हा. चैत्र-वैशाखात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेलं अंडं तापलेलं असतं आणि विहिरीचं पाणी गार. बुडवलं की अंडं पाणी ओढणार. त्यात पहिली चार शिटीची अंडी धुतल्यावर बादलीतलं पाणी कसं झालेलं असतं, ते तुम्हीच आठवा. त्याच पाण्यात मागची चांगली अंडीही बुचकळली जातात. बोअरच्या पाण्यात लोह असेल, म्हणजे ज्या पाण्यानं भांड्यावर तांबूस डाग पडतात ते पाणी, तर आणखी वाईट. पांढऱ्या बलकानं जंतूंपासून जे लोह लपवून ठेवलं, ते आपण बाहेरून पुरवतो.

कुणी म्हणेल, "साहेब, अमेरिकेत तर म्हणे अंडी धुऊनच विकतात." खरं आहे. तिथं मोठ्या व्यापारी फार्मवरचं प्रत्येक अंडं यंत्रावर धुतलं जातं. पण धुण्याचं पाणी अंड्यापेक्षा निदान अकरा अंशांनी जास्त गरम ठेवतात, म्हणजे आतला ऐवज फुगतो आणि पाणी आत ओढलं जात नाही. धुतल्याबरोबर अंडी वाळवतात, आणि तिथून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत ती सतत थंडाव्यात राहतात. युरोपातल्या देशांनी उलटा रस्ता धरला. तिथं पहिल्या प्रतीचं म्हणून विकायचं अंडं धुवायलाच बंदी आहे. अंडं मुळात स्वच्छ जागी घातलं जाईल हे बघा, असं ते शेतकऱ्याला सांगतात. दोन्ही रस्ते आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्याकडे बाजाराला अंडी जातात ती दुरडीत, एस.टी.च्या टपावर नाहीतर मोटारसायकलच्या हँडलला. वाटेत थंडावा कुठला? तेव्हा आपल्याला दुसराच रस्ता सोयीचा, असं माझं मत आहे.

आता जंतूंचं. अंडं नासवणारे जंतू निराळे आणि माणसाला आजारी पाडणारे निराळे, हा फरक ध्यानात घ्या. नासवणारे जंतू बिचारे प्रामाणिक. कुणी बलक हिरवट करतो, कुणी काळा, आणि फोडल्याबरोबर असा वास येतो की घर सोडून पळावं. असलं अंडं कुणी खात नाही. भीती आहे ती साल्मोनेला नावाच्या जंतूची. तो आत असला तरी अंडं दिसायला ताजं, वासाला ताजं, चवीला ताजं. पाण्यात घातलं तर तळाशी बसतं. पाण्यात बुडवून बघण्याची आपली परीक्षा अंड्याचं वय सांगते, जंतू सांगत नाही.

साल्मोनेला कोंबडीच्या आतड्यात राहतो. शिटीतून कवचावर येतो आणि ओल मिळाली की वर सांगितल्याप्रमाणे आत जातो. त्याचा एक प्रकार असा आहे की तो कोंबडीच्या अंडाशयातच ठाण मांडतो आणि कवच तयार होण्याआधीच अंड्यात शिरतो. कोंबडी मात्र धडधाकट दिसते. अशी अंडी थोडी असतात, घाबरून जाण्यासारखं नाही. पण एका मोठ्या पातेल्यात पन्नास अंडी फोडून एकत्र केली आणि त्यांत एक असलं निघालं, तर सगळं पातेलं बिघडतं. लग्नाच्या किंवा जत्रेच्या मोठ्या स्वयंपाकात हे लक्षात ठेवावं.

पोटात गेल्यावर सहा तासांपासून तीन दिवसांच्या आत कळ, जुलाब, ताप, ओकाऱ्या सुरू होतात. धट्टाकट्टा माणूस चार ते सात दिवसांत उठून कामाला लागतो. तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस यांचं मात्र जिवावर बेतू शकतं. जुलाब लागले की एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी थोडं थोडं पाजत राहावे. चमचा चहाचा घ्यावा. मूल मलूल झालं, शौचातून रक्त पडलं, ताप उतरेना, तर पाणी पाजत पाजतच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

या जंतूनं मंत्र्यालाही खुर्चीवरून उठवलं आहे. १९८८ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी सांगून टाकलं की देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनाला साल्मोनेलाची लागण आहे. बोलणं वाजवीपेक्षा जास्त होतं. पण लोकांनी अंडी घेणंच सोडलं, शेतकरी रस्त्यावर यायची पाळी आली आणि दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. पुढं १९९८ पासून तिथल्या अंडीवाल्यांनी कोंबड्यांना या जंतूची लस टोचायला सुरुवात केली, अंड्यांवर सिंहाचा छाप मारायला लागले, तेव्हा कुठं विश्वास परत बसत गेला. आपल्याकडे २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला. तो आजार निराळा, विषाणूचा. पण त्या दिवसांत अंड्याला गिऱ्हाईक मिळेना, हे कोंबडीवाल्यांच्या ध्यानात असेल. गिऱ्हाइकाचं मन एकदा उडालं की चांगलं अंडंही टोपलीत पडून राहतं.

आपण गावठी कोंबड्यांना राणीखेत (मानमोडी) आणि देवीची लस देतो, ती जरूर द्यावी. पण त्या लसींनी साल्मोनेला थांबत नाही. औषधाचं विचाराल तर त्या बाबतीत मी गप्प बसतो, मी शेतकीचा पदवीधर, पशुवैद्य नाही. कोंबड्यांना हगवण लागली, एकापाठोपाठ चार मेल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, त्या दिवसांतली अंडी विकू नयेत, आणि दुकानातून मनाने गोळ्या आणून पाण्यात घालू नयेत.

मग करायचं काय? सगळ्यात आधी कोंबडीला अंडी घालायला चांगली जागा द्यायची. हे काम बंधूंचं. कोंबडीला आडोसा, अंधार आणि मऊ बूड पाहिजे. ते आपण दिलं नाही की ती उकिरड्यावर जाते, गोठ्यातल्या गव्हाणीत जाते, वैरणीच्या गंजीत जाते. तिथं अंडं मळणारच. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असं लाकडी खोकं चार-पाच कोंबड्यांना पुरतं. फळांची जुनी पेटी चालते. जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीवर, कोनाड्यात किंवा पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते बसवावे. आत साळीचं तूस किंवा गव्हाचं मऊ काड दोन-तीन इंच घालावे. ते कोरडं पाहिजे. ओलं झालं, शीट पडली की मूठभर काढून टाकायचं आणि नवं घालायचं, आणि आठ-पंधरा दिवसांनी सगळंच बदलायचं. जुनं तूस उकिरड्यात टाका, उत्तम खत होतं.

कोंबडीला खोक्याची सवय लावायला आत एक रिकामं टरफल किंवा अंड्याच्या आकाराचा पांढरा दगड ठेवावा. रात्री खोक्याचं तोंड बंद करावे, नाहीतर तलंगा आत झोपतात आणि पहाटेपर्यंत शिटून ठेवतात. खोक्यात सापडणाऱ्या मळक्या अंड्यांपैकी पुष्कळांचं कारण एवढंच असतं. बसायला वेगळी आडवी दांडी द्या, कोंबडी दांडी पसंत करते.

पावसाळ्यात खरी अडचण पायांची. कोंबडी चिखलातून येते आणि त्याच पायांनी अंड्यावर बसते. खुराड्याच्या तोंडाशी हातभर रुंदीची कोरडी पट्टी करावी, त्यावर तूस किंवा राख पसरावी, नाहीतर बांबूच्या कामट्यांची जाळी टाकावी. पाण्याचं भांडं खोक्यापासून लांब. पाणी सांडून झालेली ओल ही निम्म्या रोगांची आई आहे. आणि उंदीर! उंदराच्या लेंड्यांतून साल्मोनेला एका खुराड्यातून दुसऱ्या खुराड्यात जातो. खाद्याचं पोतं उघडं टाकून उंदरांना आवतण देऊ नका.

अंडी दिवसातून दोनदा तरी गोळा करावीत. बहुतेक कोंबड्या दुपारच्या आत अंडं घालतात, म्हणून एकदा दहा-अकरा वाजता आणि एकदा दुपार टळल्यावर. उन्हाळ्यात तिसरी फेरी घातली तर फार बरं. हात आधी धुऊन पुसून घ्यावेत, आणि गोळा करून झाल्यावर साबणाने धुवावेत. शेण काढल्या हातानं अंडी उचलली तर खोक्याची सगळी मेहनत वाया.

एवढं करूनही काही अंडी मळणारच. मग ती कोरडीच साफ करावीत. सुकलेली शीट नखानं किंवा कोरड्या गोणपाटाच्या तुकड्यानं हलकेच काढावी. सुताराकडचा अगदी बारीक पॉलिश कागदही चालतो, पण डागापुरताच, सगळं अंडं घासायचं नाही. ओला बोळा फिरवायचा नाही. ओल्या चिंधीनं पुसणं हे धुण्यापेक्षाही वाईट, कारण एका अंड्यावरची घाण ती दुसऱ्या पन्नासांवर सारखी सारवत जाते. जे अंडं फारच बरबटलं असेल ते विकायचंच नाही. घरी ठेवून त्याच दिवशी खायचं. उकळायच्या पाण्यात टाकण्याच्या क्षणी ते खुशाल धुवा, तेव्हा धुतल्यानं काही बिघडत नाही. तडकलेल्या अंड्याचंही तसंच. तडकून पाझरू लागलेलं मात्र फेकून द्या.

कवच पातळ असलं की अंडी तडकतात. उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात, खाणं कमी होतं, त्यामुळं कवच पातळ येतं. म्हाताऱ्या कोंबडीचंही पातळच येतं. शिंपल्याचा किंवा चुनखडीचा भरड चुरा एका वाटीत वेगळा ठेवा, कोंबडी लागेल तेवढा टिपते. घरातली टरफलं घालायची असतील तर आधी भाजून, कुस्करून घाला.

साठवण. पुष्कळ घरांत अंडी बाजरीच्या नाहीतर गव्हाच्या कणगीत पुरून ठेवतात. जागा गार असते हे बरोबर, पण कवचावरची घाण धान्यात जाते. त्यापेक्षा एक मोठं मातीचं मडकं घ्या, ते ओल्या वाळूत निम्मं पुरा, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. आत कोरडं तूस घालून वर अंडी ठेवा, रुंद टोक वरच्या बाजूला, आणि वर सुती फडकं. पाणी वाळूवरच पडलं पाहिजे, आत थेंबही जाता कामा नये. कांदा, रॉकेल, सुकी मासळी यांच्या जवळ अंडी ठेवू नयेत, वास धरतात. घरात फ्रीज असेल तर ठेवा. मात्र बाजाराला काढलेली गार अंडी दमट हवेत घामेजतात. तो घाम म्हणजे ओलच, तो वाऱ्यावर सुकल्याशिवाय अंडी टोपलीत दाबून भरू नका.

परसातल्या अंड्यांना एक रोग असा आहे की त्यात जंतूंचा संबंधच नाही, पण बोल धुण्या-न धुण्यावर जातो. आपल्या कळपात कोंबडा असतो, म्हणजे अंडी फळलेली असतात. उन्हाळ्यात खोलीतली हवा २७ अंशांच्या वर गेली की त्यात पिल्लू धरायला सुरुवात होते, रक्ताची जाळी दिसते आणि मग अंडं लवकर बिघडतं. उबवायला अंडी नको असतील त्या दिवसांत कोंबडा वेगळा बांधावा. त्यानंतरही दोन-तीन आठवडे फळलेली अंडी येत राहतात, मग थांबतात. कोंबडा नसला तर अंडी कमी येतील, ही समजूत खोटी आहे. अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या उजेडापुढं अंडं धरलं की जाळी, तडा, मोठी झालेली पोकळी सगळं दिसतं. बाजाराला जाण्यापूर्वी प्रत्येक अंडं असं बघून घेतलं तर गिऱ्हाइकाला तोंड चुकवावं लागत नाही.

व्यापारी जे पुठ्ठ्याचे ट्रे परत आणतो त्यांवर कुठकुठली घाण चिकटलेली असते. ते खुराड्याजवळ येऊ देऊ नका. प्लॅस्टिकचे ट्रे धुऊन कडक उन्हात वाळवता येतात.

आता चुलीपाशी या. पांढरा आणि पिवळा दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत अंडं शिजलं की साल्मोनेला मरतो. पाण्याला उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं उकडावे. उकडल्यावर गार करायला माठाचं पिण्याचं पाणी घ्यावे, भांडी विसळलेलं घेऊ नये. गरम अंडं निवताना पुन्हा पाणी ओढतं, हे आता तुम्हाला सांगायला नको. उकडलेलं अंडं त्याच दिवशी संपवावे. कच्चं अंडं फोडलेल्या हातानं कोशिंबिरीला, भाकरीला हात लावू नये.

आणि पैलवान मंडळींनो, दुधात कच्चं अंडं फेटून पिण्याची जी पद्धत आहे ती सोडा. बाळंतिणीला आणि अशक्त पोरालाही कुणी कुणी असं देतात. ताकद मिळावी म्हणून देतात, पण मिळते कमी. १९९८ साली बेल्जियममध्ये माणसांवर मोजणी झाली. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं अंगी लागली, कच्च्यातली सुमारे ५१ टक्के. म्हणजे दोन कच्ची अंडी पिऊन जवळजवळ एकाचंच बळ पदरात पडतं, वर आजाराची जोखीम. ब्रिटनमध्ये २०१७ पासून गरोदर बायकांनाही अर्धकच्चं अंडं चालेल असं सांगतात, हे कुणी वाचलं असेल. ते त्यांच्या सिंहछाप अंड्यांपुरतं आहे. आपल्या कोंबडीला ती लस नाही.

शेवटी चुन्याच्या निवळीबद्दल सांगतो. उन्हाळ्यात बाजार लांब असेल आणि अंडी साठवावीच लागत असतील तर हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. पुस्तकातलं प्रमाण असं: एक किलो कळीचा चुना, त्यावर एक लिटर उकळतं पाणी, निवल्यावर आणखी पाच लिटर पाणी आणि पाव किलो मीठ. घरी कळीचा चुना फोडण्याच्या भानगडीत पडू नका. तो उसळतो आणि डोळ्यांत उडाला तर डोळा जातो. भिजवून विरलेला चुना विकत आणावा. अॅल्युमिनियमचं भांडं नको, मातीचं किंवा प्लॅस्टिकचं घ्यावे. रात्रभर ठेवून वरची निवळ फडक्यातून गाळून घ्यावी, तळाचा गाळ टाकावा. त्या निवळीत ताजी, स्वच्छ, न तडकलेली अंडी सोळा ते अठरा तास बुडवून ठेवावीत, मग सावलीत वाळवावीत. चुन्याचा बारीक थर छिद्रांत बसतो आणि अंडं घरात तीन-चार आठवडे टिकतं.

तुम्ही म्हणाल, आत्तापर्यंत सांगितलं पाण्यात घालू नका, आणि आता रात्रभर बुडवा म्हणता! शंका रास्त आहे. चुन्याची निवळी इतकी जहाल असते की तिच्यात जंतूंचा टिकाव लागणं अवघड. शिवाय अंडी पूर्ण निवल्यावरच बुडवायची, आणि निवळी त्याच खोलीत रात्रभर ठेवलेली, म्हणजे दोन्हींची ऊब सारखी. ओढ बसत नाही. मात्र मळकं अंडं यात घातलं तर घाण आतच कोंडली जाते.

उबवायची अंडी यात कधीही घालू नयेत. आत पिल्लाला श्वास घ्यायचा असतो. खुडूक कोंबडीखाली ठेवायची दहा-बारा अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली आणि मुळातच स्वच्छ अशी निवडावीत. मळकं अंडं एकवीस दिवस उबेत राहिलं की आत वायू धरून फुटतं, आणि त्याचा घाण रस शेजारच्या चांगल्या अंड्यांवर उडतो. सातव्या दिवशी बॅटरीपुढं धरून बघा, वांझ आणि नासकी काढून टाका.